सुला, नाशिक : टेस्टिंग करून या, आणि जाता-येता नारायणगावची आठवण ठेवा

नाशिकला जाताय आणि तिथली सुला वायनरी, म्हणजे द्राक्षांपासून वाईन बनवतात ती जागा, करायची की नाही असा प्रश्न असेल तर माझं उत्तर सरळ हो आहे, फक्त बाल्कनीत बसून गंगापूर धरणाकडे बघत फोटो काढून परत येऊ नका, टेस्टिंग, म्हणजे वेगवेगळ्या वाईन थोड्या थोड्या चाखून बघणं, घ्याच. ग्लास दांडीला धरायचा, हलकेच गोल फिरवायचा, मग नाक आत घालून वास घ्यायचा, सगळं नीट शिकवतात. सोव्हिन्यॉं ब्लां या व्हाईट वाईनचा वास घेतला की आधी चक्क ताजी चिरलेली ढोबळी मिरची येते आणि तिच्यामागून पेरू, मला हे फार आवडतं. ज्यांना वाईन आंबट-तुरट लागते त्यांनी लेट हार्वेस्ट शेनिन ब्लां ही व्हाईट वाईन मागावी, द्राक्षं वेलीवरच जास्त पिकू देतात त्यामुळे मस्त गोड असते.

आता हे शिकवणं साधं वाटतं पण यातच सगळी गंमत आहे. 2000 साली सुलाची पहिली वाईन आली तेव्हा नाशिक म्हणजे खायची द्राक्षं, थॉमसन आणि सोनाका, वाईनचं गिऱ्हाईक मुळात होतंच कुठे? सुला सुरू करणाऱ्या राजीव सामंतांनी आधी वेगळ्या जातीची द्राक्षं लावली, मग 2005 ला टेस्टिंग रूम काढून लोकांना प्यायला शिकवलं, म्हणजे माल पण स्वतः तयार केला आणि गिऱ्हाईक पण. मधे 2001 ला राज्याचं वाईन धोरण आलं त्याचा मोठा हातभार लागला. आज नाशिक वाईन म्हटलं की लोकांच्या तोंडी पहिलं नाव सुलाच येतं, पहिलं येण्याचा फायदा तो हाच. आणि शेजारच्या यॉर्क वायनरीला पण त्याचा फायदा मिळतोच, सुलाला आलेला माणूस जाता जाता तिकडेही वळतो. यॉर्क पण करा, शांत आहे.

पण खरं सांगायचं तर महाराष्ट्रात पहिलं पाऊल सुलाचं नाहीच, ते नारायणगावच्या शॅटो इंडाज या वाईन कंपनीचं. शामराव चौगुल्यांनी 80 च्या दशकात फ्रेंच तंत्र आणून स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांची वाईन बनवली, ती ओमर खय्याम नावाने परदेशात विकली, तेव्हा इथे ना धोरण होतं ना पिणारे. पुढे कंपनीने झपाट्याने पसारा वाढवला, 2008 ची मंदी आली आणि कर्जाखाली सगळं बसलं. वाईट वाटतं, कारण रस्ता त्यांनी पाडला होता.

आणि ज्यांनी वाईनची द्राक्षं लावली त्या बागायतदारांचं काय झालं ते कोणी विचारत नाही. वाईनचा मणी बारीक, बियांचा, जाड सालीचा, वायनरीने उचलला नाही तर मंडईत कोणी हात लावत नाही. वेल हाताशी यायला तीन वर्षं लागतात, तेव्हाच्या मंदीत कित्येकांनी उभ्या बागा उपटल्या. नवीन धंद्यात आधी उतरलेल्या शेतकऱ्याला मागे यायची वाटच नसते, हे मला सगळ्यात जास्त खुपतं.

म्हणून टूरवर असाल तर गाईडला द्राक्षं कोणाच्या बागेतून येतात, करार किती वर्षांचा असतो हे जरूर विचारा. जायचं असेल तर जानेवारी ते मार्चमध्ये, तोडणी चालू असताना, आणि शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी, शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची भरपूर गर्दी असते. गाडी चालवणारा न पिणारा ठेवा.