वडनेम्मेलीची क्रोकोडाइल बँक : मगरी बघाच, पण मडकी चुकवू नका

चेन्नईहून मामल्लपुरमला निघालात की ईस्ट कोस्ट रोडवर साधारण ४० किलोमीटरवर वडनेम्मेली येतं. तिथे समुद्राच्या बाजूला साडेआठ एकरांत मद्रास क्रोकोडाइल बँक ट्रस्ट आहे. मामल्लपुरमची लेणी बघायला जाणाऱ्या सहलीत ही जागा तासाभरात उरकली जाते. पण सरपटणाऱ्या प्राण्यांविषयी लोकांना शहाणं करणारी इतकी चांगली जागा आपल्या देशात क्वचित सापडेल. तिला निदान तीन तास द्या, आणि मुलं सोबत असतील तर आधी थोडी तयारी करून जा.

सरपटणाऱ्या प्राण्यांचे अभ्यासक रोम्युलस व्हिटेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली हे केंद्र उभं केलं. तेव्हा कातड्यासाठी होणारी शिकार आणि नद्यांवरची धरणं यांमुळे भारतातल्या तिन्ही जाती, म्हणजे गोड्या पाण्यातली मगर, सुसर आणि खाऱ्या पाण्यातली मगर, संपायच्या बेतात होत्या. इथे त्यांची पैदास करायची आणि पिल्लं पुन्हा नद्यांत सोडायची, हा हेतू होता. ‘बँक’ हे नाव त्यावरूनच पडलं. मगरींची पैदास इतकी वाढली की पुढे त्यांना सोडायला सुरक्षित नद्याच पुरेनात. म्हणून पहिल्या मोठ्या आवारात एकमेकींवर पसरलेल्या शेकडो मगरी दिसतात. ते दृश्य पाहून दचकू नका.

मराठीत मगर आणि सुसर हे शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. ती सरमिसळ इथे पाच मिनिटांत सुटते. सांगलीला कृष्णेत किंवा चिपळूणला वाशिष्ठीत दिसते ती मगर : रुंद, बोथट तोंडाची. सुसरीचं तोंड चिमट्यासारखं लांब आणि निमुळतं असतं, मासे पकडायला घडलेलं. वयात आलेल्या नराच्या नाकाच्या टोकावर मडक्यासारखा गोळा येतो आणि त्याला घडा म्हणतात. महाराष्ट्रातल्या नद्यांत सुसर नाही. ती पाहायची तर चंबळ गाठावी लागते, नाहीतर ही जागा. बाहेरच्या देशांतल्याही बऱ्याच जाती इथे आहेत. त्यांत ॲलिगेटर आणि क्रोकोडाइल यांतला फरक मुलांना दाखवायचा असेल तर मिटलेलं तोंड बाजूने बघायला सांगा. क्रोकोडाइलच्या खालच्या जबड्यातला चौथा दात बाहेरून दिसतो, ॲलिगेटरचा दिसत नाही.

तोंड आ वासून पडलेली मगर भुकेली नसते आणि चिडलेलीही नसते. उन्हात अंग तापलं की ती तोंडाच्या ओल्या कातडीतून उष्णता बाहेर टाकते. तासभर न हलणारी मगर मेलेलीही नसते. हे माहीत नसल्यामुळेच लोक प्राणिसंग्रहालयांत ‘हलते का बघू’ म्हणून खडे, नाणी, बाटल्यांची झाकणं फेकतात. मगर काही वेळा ते गिळते. दगड तिला पचनाला चालतात, पण प्लास्टिक आतड्यात अडकून तिचा जीव घेतं. मुलांना हे कारण सांगितलं की ती ऐकतात. नुसतं ‘फेकू नका’ म्हणून भागत नाही.

एक गोष्ट मात्र फलकापुढे थांबून समजावून घ्यावी, किंवा तिथल्या शिक्षण विभागाच्या माणसाला विचारावी. मगरीच्या पिल्लाचं लिंग अंड्यात शिरलेल्या गुणसूत्रांवर ठरत नाही, घरट्याच्या उबेवर ठरतं. मगरीच्या अंड्यांना २८ ते ३१ अंश सेल्सिअस मिळालं तर माद्या निपजतात, ३२.५ च्या आसपास नर. यावरचं महत्त्वाचं काम याच केंद्रात झालं. दीड-दोन अंशांनी अख्ख्या घरट्याचं लिंग बदलतं हे कळलं की तापमानवाढीची चर्चा मुलांना पुस्तकाबाहेर दिसू लागते.

आता साप ठेवलेल्या मडक्यांकडे. याच आवारात इरुळा सर्पमित्रांच्या सहकारी संस्थेचं विष काढण्याचं केंद्र आहे. त्याचं तिकीट वेगळं असतं आणि प्रात्यक्षिक ठरावीक वेळांनाच होतं. आत शिरताच वेळ विचारून घ्या आणि बाकीची फेरी त्या वेळेभोवती आखा. साप पकडण्याच्या परवान्यावर आणि सापांच्या हंगामावर ते अवलंबून असल्याने निघण्याआधी फोन केलेला बरा.

इरुळा हे पिढ्यान्‌पिढ्या साप आणि उंदीर पकडणारे आदिवासी. सापाच्या कातड्याचा व्यापार कायद्याने थांबला तेव्हा त्यांची रोजीरोटी गेली. १९७८ मध्ये ही संस्था निघाली आणि तेच कसब जीव वाचवण्याच्या कामी आलं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार साप इथे मातीच्या मडक्यांत ठेवतात. मडक्याच्या तोंडाला सुती कापड बांधलेलं असतं, म्हणजे हवा खेळते आणि आत गारवा व अंधार राहतो. अंधारात साप शांत असतो, काचेच्या पेटीत तो सारखं नाक घासून घेतो. मडक्यावर जात, लिंग आणि पकडल्याची तारीख लिहिलेली असते. तीन-चार आठवडे, आठवड्यातून एकदा विष काढतात. मग पोटाखालच्या एका खवल्याला खूण करून साप पुन्हा रानात सोडतात. खुणेमुळे तोच साप लगेच परत आणला जात नाही.

प्रात्यक्षिकात बघायचं ते माणसाच्या हाताकडे. टोकाला आकडा असलेल्या काठीने साप बाहेर येतो, डोकं हलकं दाबून धरलं जातं आणि पातळ पडदा ताणलेल्या काचेच्या भांड्यावर साप चावतो. पिवळसर थेंब काचेवर ओघळतात. हे विष गोठवून, सुकवून, भुकटी करून औषध कंपन्यांना जातं. तिथे ते घोड्यांना थोडं थोडं टोचतात आणि घोड्याच्या रक्तात तयार झालेल्या प्रतिपिंडांतून प्रतिसर्पविष, म्हणजे सर्पदंशावरचं औषध, बनतं. फुरशाकडून एका वेळी काही मिलिग्रॅमच विष मिळतं. त्यामुळे सरकारी दवाखान्यातल्या एका कुपीमागे किती हात आणि किती साप आहेत, ते इथे डोळ्यांनी दिसतं. २०२३ मध्ये वडिवेल गोपाल आणि मासी सदैयन या दोन इरुळा सर्पतज्ज्ञांना पद्मश्री जाहीर झाली. ती या कसबाची रास्त कदर होती.

गळ्यात नाग घालून टाळ्या मिळवणारे ‘जनजागृती’चे कार्यक्रम आपल्याकडे गावोगाव होतात. त्यांतून मुलं सापाला हात लावायला शिकतात, आणि तेच पुढे जिवावर बेततं. इथे हात लावायला मिळत नाही. काम करणारा माणूस सापाला काम संपताच मडक्यात परत सोडतो आणि त्याला खेळवत बसत नाही. हा फरक मुलांना तिथल्या तिथे दाखवून द्या.

महाराष्ट्रातून जाणाऱ्याने प्रात्यक्षिकानंतर मडक्यांतले साप नीट ताडून बघावेत, कारण हेच चार आपल्याही शेतात आहेत. मण्यार आणि बिनविषारी कवड्या यांत घोळ होतो. मण्यारीचे पांढरे पट्टे बहुधा जोडीने असतात. डोक्याजवळ ते पुसट किंवा नसतात आणि शेपटीकडे ठळक होत जातात. कवड्याचे उलट, मानेजवळ ठळक आणि शेपटीकडे विरत जाणारे. मण्यारीच्या पाठीच्या मधल्या ओळीतले खवले मोठे, षटकोनी असतात, पण ते बघायला जवळ जाऊ नका. घोणशीच्या अंगावर साखळीसारख्या तपकिरी ठिपक्यांच्या तीन रांगा असतात, आणि डिवचलं की कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार. फुरसं अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज काढतं. कोकणातल्या कातळावर तो आवाज ओळखता येणं फार मोलाचं आहे.

साप चावल्यावर काय करायचं हा प्रश्न तिथे मोठ्याने विचारा. उत्तर सगळ्यांनी ऐकावं असं आहे. दोरी आवळायची नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही. बांगड्या, अंगठ्या लगेच काढायच्या कारण सूज येते. हातापायाला फळी बांधून तो हलू द्यायचा नाही, चावल्याची वेळ लक्षात ठेवायची आणि प्रतिसर्पविष असलेल्या दवाखान्यात जायचं. साप मारून नेण्याची गरज नाही, कारण आपलं प्रतिसर्पविष चारही सापांवर एकच आहे. मण्यारीचा दंश बहुधा झोपेत होतो, दुखत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखणं, पापण्या जड होणं, गिळता न येणं, ही लक्षणं दिसली की थांबायचं नाही. १० मिलिलिटरची एक कुपी घोणशीचं सुमारे ६ मिलिग्रॅम विष निष्प्रभ करते, आणि घोणस एका दंशात सरासरी ६३ मिलिग्रॅम सोडते. म्हणून डॉक्टर सुरुवातच ८ ते १० कुप्यांनी करतात. ‘एक इंजेक्शन घेतलं की झालं’ हा समज घातक आहे.

इथे एक उणीव जाणवते, पण ती या केंद्राची नसून सगळ्या देशाची आहे. प्रतिसर्पविषासाठी लागणारं विष मुख्यतः तमिळनाडूच्याच सापांचं असतं. प्रदेश बदलला की एकाच जातीच्या सापाचं विषही बदलतं, त्यामुळे काही भागांत औषध कमी लागू पडतं. सह्याद्रीतल्या चापडा या विषारी सापावर तर आपल्याकडे प्रतिसर्पविषच नाही. मुंबईच्या हाफकिनसारख्या संस्थेला आपल्या रानातल्या सापांचं विष नियमित मिळेल अशी सोय महाराष्ट्रात व्हायला हवी. ही मागणी सर्पमित्रांनी लावून धरावी असं मनापासून वाटतं.

परदेशी प्राण्यांचा विभाग छोटा आहे, पण मुलं तिथेच रेंगाळतात : ॲनाकोंडा, इग्वाना, अल्डाब्रा बेटावरचं राक्षसी कासव. ‘मला घरी पाळायचाय’ हे वाक्य तिथे हमखास येतं. इग्वानाला दिवसभर ३० अंशांच्या वर ऊब, अतिनील दिवा आणि हिरवा पाला लागतो. दिवा नसेल तर कॅल्शियम अंगी लागत नाही, हाडं मऊ पडतात आणि जबडा सुजतो. बाजारात मिळणारं लाल कानाचं कासव ताटाएवढं होतं आणि मग लोक ते तलावात सोडतात. तिथे ते देशी कासवांची जागा बळकावतं. आपलं चांदणी कासव तर घरात ठेवणं हा सरळ गुन्हा आहे.

सोमवारी बंद असतं. सकाळी उघडताच जा. ११ नंतर वाळू तापते, प्राणी सावलीला किंवा पाण्यात जातात आणि बघणाऱ्यालाही चालवत नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम, कारण थंड सकाळी मगरी उन्हासाठी काठावर येतात. पाय झाकणारे बूट, टोपी, पाणी आणि असेल तर दुर्बीण घ्या. येण्याजाण्याला मामल्लपुरमची बस सोयीची. सुट्टीच्या दिवसांत कधी कधी रात्रीची फेरी असते, आगाऊ नोंदणी करून. जमली तर बॅटरी डोळ्यांच्या उंचीवर, कानशिलाजवळ धरून तळ्यावर फिरवा. मगरीच्या डोळ्यातल्या पडद्यामागचा थर उजेड थेट परतवतो, आणि काळ्या पाण्यावर निखारे पेटल्यासारखे शेकडो ठिपके दिसतात.