फोमचे इअरप्लग : डाळ मिलमध्ये सहा महिने वापरल्यानंतर

जळगावच्या एमआयडीसीतील एका डाळ मिलमध्ये मी सुपरवायझर आहे. गेल्या लग्नसराईत अमळनेरला भाच्याच्या वरातीत डीजेसमोर दीड तास उघड्या कानांनी उभा राहिलो. रात्री दोन्ही कानांना दडे बसले, आत रातकिड्यांसारखी किरकिर सुरू झाली आणि सौभाग्यवती काय विचारते आहे, ते मला तिच्या ओठांकडे पाहूनच कळत होते. तिसऱ्या दिवशी श्रवणचाचणी केली, तर आलेख अगदी व्यवस्थित निघाला.

तपासणाऱ्या ताईंनी मात्र मला निर्धास्त होऊ दिले नाही. मोठ्या आवाजाने अंतर्कर्णातील केशपेशी, म्हणजे आवाज टिपणाऱ्या पेशी, थकतात आणि ऐकण्याचा उंबरठा, म्हणजे ऐकू येणारा सर्वांत हळू आवाज, काही तास किंवा काही दिवस वर सरकतो. कानाकडून येणारा संदेश असा क्षीण झाला की मेंदूतील श्रवणकेंद्रे स्वतःची संवेदनशीलता वाढवून घेतात, आणि किरकिरीमागे हेही एक कारण मानले जाते. २००९ मध्ये क्युजावा आणि लिबरमन या संशोधकांनी उंदरांना १०० डेसिबलचा आवाज दोन तास ऐकवला. उंबरठा पूर्ववत झाल्यावरही, अंतर्कर्णाच्या उच्च स्वर टिपणाऱ्या भागात केशपेशी आणि श्रवणतंतू यांच्यातील जवळपास निम्म्या जोडण्या कायमच्या गेलेल्या होत्या. हे ऐकून मी त्याच दिवशी मिलमधल्या गोंगाटासाठी मेडिकलमधून इअरप्लग घेतले.

आवाज किती कमी होतो, याचा पाकिटावर ३३ डेसिबलचा आकडा आहे, पण तो नीट बसवलेल्या प्लगचा. नुसते कानाच्या तोंडाशी खुपसले, तर निम्माही उपयोग होत नाही. बोटांत वळून बारीक वात करायची, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवायचा. हात धुतलेले हवेत; आमच्याकडे डाळीची भुकटी बोटांना सतत चिकटलेली असते.

फरक मला पहिल्याच आठवड्यात जाणवला, कारण कामाची पाळी संपल्यावर घरच्या टीव्हीचा आवाज वाढवावा लागेना. ८५ डेसिबलला आठ तास ही सुरक्षित मर्यादा मानली, तर आवाज दर तीन डेसिबलने वाढला की ही वेळ निम्मी होते. म्हणून गोंगाटात मध्येच प्लग काढणे महागात पडते.

उणिवाही आहेत. मे महिन्याच्या उन्हात घामाने प्लग निसटतात, स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो आणि मागे येणाऱ्या ट्रकचा हॉर्न दबतो, त्यामुळे गोदामाच्या दारापाशी मी जास्त सावध राहतो. मळल्यावर फोम कडक होतो. मग जोडी टाकूनच द्यावी. हमालांसाठी मी दोरीचे प्लग मागवले आहेत, कारण सुटे प्लग पोत्यांत हरवतात.