टाइट फ्रेम की नंतर क्रॉप? किनाऱ्यावरच्या छोट्या पक्ष्यांसाठी

थंडीचे पाहुणे पक्षी आले की हा प्रश्न निघतोच. सहाशे मिलिमीटरची लेन्स आहे, समोर ओल्या वाळूवर चिखले (प्लोव्हर) आणि टिलवे (स्टिंट) पळताहेत आणि फ्रेममध्ये पक्षी इवलासा दिसतोय. अशा वेळी कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणारा, चित्र १.४ पट मोठं करणारा टेलिकन्व्हर्टर लावून जागेवरच फ्रेम भरावी, की सैल टिपून घरी क्रॉप करावं, म्हणजे कडा कापाव्यात? मुंबईच्या जुहू, अक्सा, गोराईच्या वाळूवर मी दोन्ही प्रकारे भरपूर काम केलंय.

कागदावरचा हिशेब जवळजवळ बरोबरीत सुटतो. कन्व्हर्टरने एक स्टॉप, म्हणजे निम्मा प्रकाश, जातो आणि एफ/६.३ ची लेन्स एफ/९ होते. तेवढाच पक्षी क्रॉपने मोठा करायचा तर निम्मे पिक्सेल जातात, २४ मेगापिक्सेलचे १२ उरतात. नॉइज (फोटोतले दाणे) दोन्हीकडे साधारण सारखाच वाटतो. त्यामुळे निवड करायची ती पक्षी कसा वागतो हे बघून.

चिखल्या चार पावलं पळतो, थबकतो, बघतो, टोच मारतो आणि पुन्हा पळतो. त्या थबकण्यात टाइट फ्रेम खरंच सुंदर मिळते. डोळ्यातली चमक, पिसांच्या कडा सगळं उतरतं, आणि पक्षी मोठा दिसत असल्याने फोकसही डोळ्यावर पटकन बसतो. पायात अभ्यासकांनी ओळखीसाठी घातलेली रिंग किंवा फ्लॅग असेल आणि त्यावरचा कोड वाचून बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) कळवायचा असेल, तर माझ्या मते कन्व्हर्टरला पर्याय नाही.

सँडरलिंग हा लाटेच्या काठावरचा छोटा पक्षी मात्र थांबत नाही. लाट मागे सरली की तिच्यामागे धावायचं, पुढची आली की उलट पळायचं, हाच त्याचा दिनक्रम. माझा निर्णय झाला तो इथे, आणि तो प्रतिबिंबामुळे. लाट ओसरल्यावर वाळूवर पाण्याचा पातळ थर क्षणभर राहतो आणि पक्ष्याची पूर्ण छबी त्यात उमटते. त्या क्षणी विषयाची उंची एकदम दुप्पट होते. टाइट आडव्या फ्रेममध्ये वरचा पक्षी नीट बसतो, पण खालच्याचं डोकं कापलं जातं. डोळा वरच्या डोळ्यावर खिळलेला असल्याने टिपताना हे लक्षात येत नाही. घरी मोठ्या स्क्रीनवर बघावं तर चोच टोकदार, पाण्याचा थेंब हवेत, आणि खाली उलटे पाय, पोट, मग थेट फ्रेमची कड. जास्तीचं कापता येतं, पण जे टिपलंच नाही ते आणायचं कुठून? चांगला क्षण असा हातचा जाणं मला फार लागतं.

हीच अडचण क्षितिजाची. वाळूवर पालथं पडून टिपताना लाटेची रेघ थोडी कलतेच. ती सरळ करताना कोपरे कापले जातात, आणि टाइट फ्रेममध्ये त्या कोपऱ्यांत शेपूट नाहीतर चोच असते. सैल फ्रेममध्ये ही चिंता उरत नाही, शिवाय पक्ष्याच्या पुढे धावायला जागा किती सोडायची हे शांतपणे ठरवता येतं. आपल्या किनाऱ्यांवर पिशव्या आणि थर्माकोलचे तुकडे फ्रेममध्ये येतातच. त्यातले कडेचे क्रॉपमध्ये आपोआप जातात.

सैल म्हणजे कसंही नव्हे. मी पक्षी, त्याचं प्रतिबिंब आणि पुढची मोकळी जागा मिळून फ्रेमची साधारण अर्धी रुंदी भरेल असं बघतो. ६००० बाय ४००० च्या फोटोतून ३००० बाय २००० उरला तर ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) दहा इंची प्रिंट निघते, स्क्रीनसाठी तर भरपूर झालं. त्याहून जास्त कापायची वेळ आली, तर पिसं मऊ पडायला लागतात. तेरा-चौदा सेंटिमीटरच्या टिलव्याच्या बाबतीत ही मर्यादा लवकर येते, हे कबूल.

अशा वेळी कन्व्हर्टरपेक्षा भरतीचा उपयोग जास्त होतो. भरतीचं टाइमटेबल बघून पाणी चढत असताना सकाळी जागा धरा आणि हलू नका. पाणी पक्ष्यांना आपसूक तुमच्याकडे ढकलतं. आपला किनारा पश्चिमेचा, त्यामुळे समुद्राकडे तोंड केलं की सकाळचं ऊन पाठीवर असतं. जुहूला इमारतींची सावली सरायला वेळ लागतो, अक्साला तेवढा नाही. ऊन चढलं आणि वाळूवरची हवा थरथरू लागली, की दोन्ही पद्धती सारख्याच हरतात. पाठलाग तर नकोच. पक्ष्यांचा खाण्याचा वेळ ओहोटी-भरतीने बांधलेला असतो.

तुमचा कॅमेरा जुना, कमी मेगापिक्सेलचा असेल, किंवा भर चिखल्यांवर आणि मोठ्या प्रिंटवर असेल, तर कन्व्हर्टर जरूर घ्या. मी बॅगेत ठेवतो, पण लाटेच्या काठावर लावत नाही. विकत घेण्याआधी कुणाकडून एका सकाळीपुरता मागून बघा, आणि त्या सकाळी ओल्या वाळूवरचेच फोटो काढा.