बोई खोऱ्यातली नऊ चर्च आणि हाताशी एकच दिवस: कोणती पाहावीत, कोणती सोडावीत?

बार्सिलोनाहून मोटारीने निघालात तर साधारण चार तासांत पिरेनीज डोंगरातले बोई खोरे येते. स्पेनच्या कॅटलोनिया प्रदेशातल्या या नगरपालिकेची लोकसंख्या हजाराच्या आसपास, म्हणजे आपल्याकडचे एखादे बेताचे खेडे. तेवढ्यात अकराव्या-बाराव्या शतकातली नऊ चर्च आहेत आणि ती सगळी २००० साली जागतिक वारशाच्या यादीत गेली. एका दिवसात नऊही उरकता येतात, पण ते उरकणेच होते. म्हणून निवड करावी.

आधी एक गोष्ट माहीत असलेली बरी. या चर्चांची कीर्ती ज्या भित्तिचित्रांमुळे झाली, ती मूळ चित्रे आता खोऱ्यात नाहीत, बार्सिलोनाच्या राष्ट्रीय कला संग्रहालयात आहेत. १९१९ च्या सुमारास जवळच्या मुर गावातल्या चर्चची चित्रे एका व्यापाऱ्याने विकत घेतली आणि ती शेवटी अमेरिकेत बोस्टनला पोचली. बार्सिलोनाच्या संग्रहालय मंडळाने त्याचा धसका घेतला. इटलीहून कारागीर बोलावून १९१९ ते १९२३ या काळात बोई खोऱ्यातली चित्रे भिंतींवरून उतरवली गेली. चित्रावर सरसाने कापड चिकटवायचे, सरस वाळला की ते ओढायचे. रंगाचा पातळ थर कापडाबरोबर निघून येतो. गाव मागे राहिले आणि देव शहरात गेला, असे आजही तिथे उभे राहिल्यावर वाटते. पण नाहीतर हा देव समुद्रापार गेला असता, हेही तितकेच खरे.

त्यामुळे पहिला प्रश्न खोरे की संग्रहालय, हा. तुम्हाला फक्त चित्रे पाहायची असतील आणि बार्सिलोनात तीनच दिवस असतील, तर खोऱ्याचा हट्ट धरू नका. जाऊन-येऊन आठ तास रस्त्यातच जातील. दगड, डोंगर आणि त्यात बसलेले गाव पाहायचे असेल तर मात्र संग्रहालय त्याची जागा घेऊ शकत नाही. जुन्या गोव्यातली भव्य चर्च डोळ्यांसमोर ठेवूनही जाऊ नका. बॉम जेझूचे बांधकाम १५९४ मध्ये सुरू झाले. ही चर्च त्याहून साडेचारशे वर्षांहून अधिक जुनी, लहान आणि साध्या दगडाची आहेत.

खरी तुलना ताउल गावातल्या दोन चर्चांची. एकाच गावात, चालत पाच-दहा मिनिटांवर. रोदाचा बिशप रामोन याने १० डिसेंबर ११२३ रोजी सांत क्लिमेंतची प्रतिष्ठापना केली आणि दुसऱ्याच दिवशी, ११ डिसेंबरला, सांता मारियाची. पहिल्या दिवसाची नोंद सांत क्लिमेंतच्या एका खांबावर रंगाने लिहून ठेवलेली होती, म्हणून तारीख इतकी नेमकी कळते.

सांत क्लिमेंत गावाच्या खालच्या टोकाला एकटे उभे आहे. त्याचा चौकोनी, उंच, सडपातळ घंटामनोरा मजल्यामजल्याने चढत जातो आणि कमानीच्या खिडक्यांतून आरपार आकाश दिसते. मनोऱ्यावर चढता येते. उत्तर इटलीतल्या लोम्बार्ड गवंड्यांची ही पद्धत: भिंतीच्या वरच्या कडेला आंधळ्या, म्हणजे आरपार न उघडणाऱ्या, कमानींची बारीक पट्टी, आणि बाकी भिंत कोरी. आत तीन दालने, गोल खांब आणि समोर गाभाऱ्याचा अर्धगोल. तिथे एकेकाळी निळ्या पार्श्वभूमीवर ख्रिस्त बसलेला होता, हातात उघडे पुस्तक आणि त्यात लॅटिनमध्ये ‘मी जगाचा प्रकाश आहे’. तो निळा रंग पिरेनीजमध्ये मिळणाऱ्या एरिनाइट नावाच्या खनिजाचा. पूर्वी इथे चित्राची नक्कल लावलेली होती. २०१३ मध्ये ती काढली, खाली उरलेले मूळ रंगाचे तुकडे मोकळे केले, आणि आता प्रकाशाच्या साहाय्याने त्याच भिंतीवर संपूर्ण चित्र रेघ-रेघ करत उमटवले जाते. यंत्राचा खेळ देवघरात कशाला, असे आधी कुणालाही वाटेल. पण खडबडीत भिंतीवर चित्र उमटते आणि मग पुन्हा मावळते, तेव्हा काय गेले हे जितके कळते तितके कोणत्याही फलकाने कळणार नाही.

सांता मारिया गावाच्या मधोमध, घरांच्या गराड्यात. इथे चित्रांच्या प्रतिकृती आहेत: गाभाऱ्यात बाळ येशूला मांडीवर घेतलेली मेरी आणि भेटी घेऊन आलेले तीन राजे. हे आजही गावाचे चर्च आहे. सांत क्लिमेंतला पाहुणे जातात, इथे गावकरीही येतात. छायाचित्र आणि स्थापत्य हवे असेल तर सांत क्लिमेंत. शांत बसायचे असेल तर सांता मारिया. एकच पाहणार असाल तर सांत क्लिमेंतच, यात मला शंका नाही. पण ताउलपर्यंत येऊन दुसरे न पाहता परतू नका.

तिसरे कोणते, इथे बहुतेक जण बोई गावातले सांत जोआन निवडतात, कारण ते ताउलच्या वाटेवरच आहे. संत स्टीफनला दगडांनी मारतानाचे प्रसिद्ध चित्र तिथलेच, आणि त्याची प्रतिकृती जागेवर आहे. तरी मी एरिल ला वालच्या सांता एउलालियाला वरचढ मानेन. त्याचा मनोरा सांत क्लिमेंतच्या तोडीचा आहे, बाजूला कमानींची पडवी आहे, आणि आत क्रुसावरून ख्रिस्ताला उतरवतानाचा सात लाकडी आकृत्यांचा समूह आहे. हीही नक्कलच. मूळ मूर्ती १९०७ च्या एका अभ्यासमोहिमेत हाती लागल्या. आज त्यातल्या पाच विक नावाच्या शहरातल्या संग्रहालयात आणि मेरी व संत जॉन बार्सिलोनात. एकाच प्रसंगातली माणसे दोन शहरांत वाटली गेली आहेत. सातही जण एकत्र उभे कसे दिसत असतील, हे या नकलेतच पाहायला मिळते. खोऱ्याच्या चर्चांची माहिती देणारे केंद्रही याच गावात आहे, म्हणून दिवसाची सुरुवात इथून करणे सोयीचे.

बारुएराचे सांत फेलिउ नदीकाठी, मुख्य रस्त्यावर, जाताजाता पाहावे. कार्देत आणि कोल या गावांतल्या चर्चांची दारे उघडी मिळतीलच असे नाही, आधी चौकशी करा. एक दिवस वाढवता आला तर तो दुर्रो गावाला द्या. गावातले चर्च भारदस्त आहे, आणि त्याहून वर, सुमारे दीड हजार मीटर उंचीवर, सांत किर्कचे एकाकी प्रार्थनाघर आहे. उन्हाळ्यात तिथल्या डोंगरावरून गावकरी पेटत्या मशाली खांद्यावर घेऊन उतरतात. पिरेनीजमधला हा अग्निउत्सव २०१५ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आला.

खोऱ्यात रेल्वे नाही. बस एल पोंत दे सुएर्तपर्यंत सोयीची आहे, पुढे गावागावांत फिरायला स्वतःचे वाहनच लागते.

खोरे आणि संग्रहालय दोन्ही जमत असतील तर आधी खोरे पाहा. संग्रहालयात ताउलच्या दोन्ही गाभाऱ्यांची चित्रे अर्धगोल चौकटींवर बसवलेली आहेत, स्वच्छ उजेडात, अगदी जवळून दिसतील अशी. सांत क्लिमेंतच्या अरुंद खिडक्यांचा अंधार आधी अनुभवलेला असेल, तर ख्रिस्ताचे ते मोठे डोळे मुळात कुणाकडे आणि किती उंचावरून पाहत होते, हे तिथे उभे राहिल्यावर समजते. फक्त परतीचा दिवस सोमवार ठेवू नका, त्या दिवशी संग्रहालय बंद असते.