"फोनॉन वेव्ह कंट्रोल"वाला मिनी फ्रिज, दीड महिना वापरून

दीड महिना झाला हा पेल्टियरवाला (म्हणजे वीज दिली की एका बाजूची उष्णता दुसऱ्या बाजूला नेणाऱ्या चिपवर चालणारा) मिनी फ्रिज वापरतेय, कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कॉम्प्रेसर नाही त्यामुळे घरघर नाही, मागचा पंखा तेवढा फिरतो, टेबलावर मावतो, इथपर्यंत छान. पण खोक्यावर ठळक अक्षरात "नॅनो फोनॉन वेव्ह कंट्रोल" लिहिलंय त्याला भुलू नका, मी भुलले.

खोलीत ३१ डिग्री असताना आत थर्मामीटर ठेवला, चार तासांनी १४. बाटली गार होते, चिल्ड नाही. मग एकदा लाइट गेली तेव्हा खरी गंमत कळली, दार उघडलंही नव्हतं तरी वीस मिनिटांत आत २२! कारण जी चिप उष्णता बाहेर काढते तीच बंद पडली की मागच्या तापलेल्या हीटसिंकची (उष्णता हवेत सोडणारा धातूचा भाग) उष्णता उलटी आत सोडते. त्यातली बरीचशी नेतात फोनॉन, म्हणजे अणूंच्या जाळीतली थरथर, आणि चिपच्या मटेरियलचं सगळं दुखणं हेच की वीज आरामात जायला हवी पण ही थरथर मधेच अडायला हवी.

नॅनोने फायदा होतो हे खोटं नाही हां. २००८ मध्ये बॉस्टन कॉलेज आणि एमआयटीच्या लोकांनी अशा चिपमध्ये नेहमी वापरतात ते बिस्मथ अँटिमनी टेल्युराइड दळून नॅनो पावडर केली, गरम दाबून परत ठोकळा केला, कणांच्या सीमांवर फोनॉन विखुरले आणि झेडटी (मटेरियल या कामाला किती चांगलं त्याचा आकडा, जास्त तितकं बरं) जो १ च्या आसपास असायचा तो १०० डिग्रीला १.४ वर गेला. पण हे विखुरणं झालं, लाटेवर कंट्रोल कुठे? भोकांची जाळी करून लाटांचा वेगच कमी करायचं काम फिनलंडमध्ये झालं, २०१४ ला पेपर आला, पण ते एक केल्विनच्याही खाली, म्हणजे उणे २७२ डिग्रीहूनही थंड, तिथे लाटा लांब असतात म्हणून जमतं. खोलीच्या तापमानाला त्या जेमतेम काही नॅनोमीटरच्या, तेवढी बारीक जाळी या डब्यात? जाऊ द्या.

शेवटी मागचं कव्हर उघडलं (वॉरंटी गेली, माहितीये). आत ४० मिलिमीटरची साधी चिप, वर छापलंय टीईसी१-१२७०६, कुठेही सुटी मिळते ती. आणि एका कोपऱ्यात थर्मल पेस्ट (चिपची उष्णता हीटसिंकला नीट पोचावी म्हणून मधे लावतात ती) लागलीच नव्हती! जुनी पुसली, नवीन लावली, स्क्रू सारखे आवळले, आता १४ च्या जागी ११ येतं.

कस्टमर केअरला विचारलं फोनॉन नक्की कुठे कंट्रोल होतात, तर म्हणे मॅडम, फ्रिज भिंतीपासून जरा लांब ठेवा. ते मात्र खरंच करा, पंख्याला हवा मिळते. दोन स्टार.