झोपणे वेगळे, झोप लागणे वेगळे : हिब्रू शब्दकार्डांचा एक संच

बडोद्यात हिब्रू शिकणाऱ्या मराठी मंडळींच्या मोबाइलवर झोप आणि विश्रांतीच्या शब्दांचा एक तयार संच फिरतो आहे. अँकी या शब्दकार्डांच्या अ‍ॅपमध्ये उघडतो, फुकट आहे, उच्चारही स्वच्छ ऐकू येतात. अंथरुणापांघरुणाचे शब्द चोख आहेत: मिता म्हणजे पलंग, कारीत उशी, सादीन चादर, मिझरान गादी. तेवढ्यासाठी तरी घ्यावाच. क्रियापदे मात्र दुरुस्त केल्याशिवाय पाठ करू नयेत.

अर्थ सरळसरळ इंग्रजीवरून उतरवलेले आहेत. लिशोन आणि लेहेरादेम या दोन्हींपुढे 'झोपणे' लिहिले आहे. लेहेरादेम म्हणजे झोप लागणे. तसेच लेहित्ओरेर म्हणजे जाग येणे आणि लाकुम म्हणजे उठणे. संचात दोन्ही 'उठणे'. 'हित्ओरर्ती बेशेश, काम्ती बेशेवा' म्हणजे सहाला जाग आली, सातला उठलो. मराठीत या जोड्या आयत्या असताना त्या गमावणे फार वाईट वाटते. लिश्काव म्हणजे आडवे होणे, पण पुढे 'इम' (सोबत) आले की अर्थ शरीरसंबंधाचा होतो. ही सूचना कार्डावर हवीच होती.

सगळी रूपे पुल्लिंगी दिली आहेत, हा दुसरा दोष. आपण 'झोपतो' आणि 'झोपते' म्हणतो, तसेच हिब्रूतही पुरुष 'अनी यशेन' म्हणतो, बाई 'अनी येशेना'. दमल्यावर तो आयेफ, ती आयेफा.

सगळ्यात जास्त घोटाळा योद, शिन, नून या तीन अक्षरांचा. स्वरचिन्हांशिवाय लिहिले की यशेन (झोपतो), यशान (झोपला) आणि यशान (जुना) हे तिन्ही हुबेहूब सारखे दिसतात. संचात एकच कार्ड आहे, त्यामुळे वाचताना 'जुने घर' झोपायला लागते. ते कार्ड काढून तीन वाक्ये घालावीत: 'हायेलेद यशेन अख्शाव' (मुलगा आत्ता झोपलेला आहे), 'हायेलेद यशान एत्मोल' (मुलगा काल झोपला), 'बायित यशान' (जुने घर). अख्शाव आणि एत्मोल हेच वाचणाऱ्याला सोडवतात.

उच्चारात आपली एक सोय आहे. त्सादी हे अक्षर 'चमचा'तल्या च सारखे म्हणावे, म्हणजे दुपारचे 'त्सोहोरायिम' जमून जाते. मेनुखा (विश्रांती) मधला ख मात्र आपला नव्हे. तो घशातून घासून काढायचा, श्वास फुटू द्यायचा नाही. जोर बहुतेक शब्दांत शेवटच्या अक्षरावर पडतो: शेना (झोप), मेनुखा. लायला (रात्र) अपवाद, तिथे पहिल्यावर. हा शब्द शेवटी आकारान्त असूनही पुल्लिंगी, म्हणून 'लायला तोव' (शुभ रात्री), 'तोवा' नव्हे.

अँकीत रोजची नवी कार्डे मुळात 20 असतात. ती 5 वर आणावीत. क्रियापदांची रूपे एकमेकांत मिसळतात आणि आठवड्यात उजळणीचा ढीग साचतो. कार्डे उलटसुलट दोन्ही बाजूंनी ठेवावीत, नाहीतर वाचताना ओळखलेला शब्द बोलताना जिभेवर येत नाही.

एक शब्द राहूनच गेला आहे: श्लाफश्टुंडे. जर्मनमधून आलेला, इस्रायलमध्ये दुपारी 2 ते 4 च्या शांत वेळेसाठी वापरला जाणारा. त्याचे कार्ड स्वतः घालावे आणि मागच्या बाजूला 'दुपारची झोप' न लिहिता 'वामकुक्षीची वेळ' लिहावे.