तांब्या उचलल्यावर काय दिसते : तत्त्वमीमांसेच्या एका वर्गाविषयी

पुण्याच्या पेठ भागातील एका संस्थेचा तत्त्वमीमांसेचा, म्हणजे मेटाफिजिक्सचा, दहा रविवारांचा वर्ग मी नुकताच पूर्ण केला. शुल्क ४,५०० रुपये, वेळ सकाळी ९ ते ११, मध्ये चहा. पुढे तक्रारही करायची असल्यामुळे संस्थेचे नाव देत नाही.

माहितीपत्रकावर ‘विज्ञान जिथे थांबते, तिथून पुढे’ असे ठळक अक्षरांत छापले होते. विद्युत अभियांत्रिकीत ३१ वर्षे काढलेल्या माणसाला अशा वाक्याची धास्तीच वाटते. परंतु गेल्या वर्षी आई गेली आणि दाखल्यावर मृत्यूचे कारण स्वच्छ अक्षरांत लिहिलेले असूनही ‘म्हणजे नेमके काय झाले’ हा प्रश्न काही सुटेना, म्हणून नाव नोंदवले.

पहिल्याच रविवारी सरांनी माहितीपत्रकाची हवा काढून घेतली. अ‍ॅरिस्टॉटलच्या लिखाणाची मांडणी करताना भौतिकीनंतर ठेवलेले ग्रंथ, एवढाच ‘मेटाफिजिक्स’ या नावाचा मूळ अर्थ असून त्यात विज्ञानाच्या वर किंवा पलीकडे असल्याचा कोणताही दावा नाही, हे त्यांनी सांगितले. वस्तू म्हणजे काय, कारण म्हणजे काय, ‘आहे’ म्हणताना आपण काय म्हणतो, हे प्रश्न विज्ञान संपल्यावर सुरू होत नाहीत. प्रयोगशाळेत पाऊल टाकण्याआधीच आपण त्यांची काही ना काही उत्तरे गृहीत धरलेली असतात. मला हे पटले, कारण ‘दोष’ म्हणजे काय हे ठरवल्याशिवाय कोणताही मीटर दोष दाखवत नाही.

वैशेषिक या भारतीय दर्शनातील पदार्थांसाठी, म्हणजे जे जे आहे त्याच्या मूळ वर्गांसाठी, दिलेले तीन रविवार हा या वर्गाचा प्राण होता. सरांनी टेबलावरचा पाण्याचा तांब्या उचलून खाली ठेवला आणि विचारले, “आता टेबलावर काय दिसते?” कोणी म्हणाले टेबल, कोणी म्हणाले ओला गोल डाग. “आणि तांब्या नाही, हे दिसले की नाही?” येथून चर्चा पेटली. ‘नसणे’, म्हणजे अभाव, प्रत्यक्षच दिसते, असे नैयायिक (न्याय दर्शनाचे अनुयायी) म्हणतात. त्यासाठी अनुपलब्धी (वस्तू न आढळणे) हे वेगळेच प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे साधन, लागते, असे मीमांसा दर्शनातील भाट्ट पंथाचे लोक आणि अद्वैत वेदान्ती म्हणतात. मीमांसेतलाच दुसरा पंथ असलेले प्राभाकर तर अभाव नावाचा पदार्थच मानत नाहीत. मग अभावाचे चार प्रकार आले. त्यांतील प्रध्वंसाभावाचे, म्हणजे नाशानंतरच्या नसण्याचे, लक्षण सरांनी फळ्यावर लिहिले : त्याला आरंभ आहे, अंत नाही. घडा फुटला त्या क्षणी त्याचे नसणे सुरू झाले आणि ते आता कधीच संपणार नाही. मी वहीत तेवढीच ओळ उतरवली आणि चहाला न जाता बसून राहिलो.

जर्मन तत्त्वज्ञ कांट एका रविवारात उरकला, हे खटकले. ज्या प्रश्नांची उत्तरे देणे मानवी बुद्धीच्या आवाक्याबाहेर आहे, तेच प्रश्न ती टाळूही शकत नाही, हे त्याने १७८१ साली मांडले. माहितीपत्रकातल्या वाक्याला यापेक्षा चांगले उत्तर नव्हते आणि त्याला निदान दोन रविवार द्यायला हवे होते.

खरी तक्रार सातव्या रविवारची. त्या दिवशी पाहुणे व्याख्याते आले आणि क्वांटम, स्पंदने व ‘वैश्विक ऊर्जा’ यांची मिसळ दोन तास वाढत राहिले. हायझेनबर्गचे १९२७ सालचे अनिश्चिततेचे तत्त्व कणाचे स्थान आणि संवेग (वस्तुमान गुणिले वेग) यांसारख्या राशींच्या जोड्यांविषयी बोलते. मनात आणल्याने वास्तव बदलते, असे त्यातून कोठेही निघत नाही. मागच्या रांगेतील एका निवृत्त प्राध्यापिकेने विचारले, “या ऊर्जेचे एकक काय?” उत्तर आले, “ती मोजता येत नाही.” त्यावर बाई शांतपणे म्हणाल्या, “मग तिला दुसरे नाव द्या, ज्यूल आमचा आहे.” विज्ञानाच्या मर्यादा सांगायच्या आणि प्रतिष्ठेसाठी शब्द मात्र त्याचेच उसने आणायचे, हा व्यवहार मला अप्रामाणिक वाटतो. तांब्याच्या धड्याला असा एकही उसना शब्द लागला नव्हता.

टिपणांच्या झेरॉक्स प्रतींत डावीकडची अक्षरे कापली गेली होती. खुर्च्या लोखंडी असल्यामुळे उशी घरून न्यावी. संस्कृत येत नसले तरी अडत नाही, सर प्रत्येक सूत्र मराठीत फोडून सांगतात. पुढच्या वर्गाची नोंदणी सुरू झाली आहे. मी पुन्हा नाव घातले आहे, फक्त पाहुण्यांचा रविवार कोणता ते आधी विचारून घेतले.